डीएलपीए ५०० मिग्रॅ: ‘एंडॉर्फिन सपोर्ट’ची बाटली चिंतेवर चालते का?

पांढरी बाटली, ६० कॅप्सूल, पुढे ठळक अक्षरांत ‘एंडॉर्फिन सपोर्ट’. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’. नाशिकच्या कॉलेज रोडकडच्या सप्लिमेंट दुकानांत ही व्हे प्रोटीनच्या रांगेत मिळते. ‘सारखी धडधड होते, झोप उडालीय’ म्हणणाऱ्यालाही तीच काढून दिली जाते, आणि गडबड तिथेच आहे.

आत एंडॉर्फिन, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते वेदनाशामक, नाही. असतं तरी फुकट गेलं असतं. बीटा-एंडॉर्फिन म्हणजे ३१ अमिनो आम्लांची साखळी. पोटात तिचे तुकडे होतात आणि रक्तातून मेंदूत ती जवळपास शिरतच नाही. आत आहे डीएल-फेनिलॲलॅनिन (डीएलपीए), एकाच अमिनो आम्लाची आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन रूपं: निम्मं डी, निम्मं एल. भिस्त सगळी डी भागावर. मेंदूत एन्केफॅलिन नावाची पाच अमिनो आम्लांची ओपिऑइड (अफूसारखं काम करणारी द्रव्यं) असतात, १९७५ साली ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून शोधलेली. विकरं ती बघता बघता तोडून टाकतात. डी भाग त्या विकरांना थोडा अडवतो. कल्पना चांगली, पण दुखण्यावरच्या चाचण्यांत निकाल उलटसुलट आले. जुनाट चिंतेवर तर भरवशाचा पुरावाच नाही.

एल भाग पार उलट्या वाटेला जातो. त्याचं टायरोसिन होतं, पुढे डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन. ज्याची छाती आधीच धडधडते त्याला हे कशाला हवं? संध्याकाळी कॅप्सूल घेतली आणि वर दोन कटिंग झाले, की रात्री डोळे टक्क उघडे राहण्याची तयारी ठेवा.

शिवाय शरीरातली सगळी ओपिऑइड शांतवणारी नसतात. डायनॉर्फिनही त्यांच्यातलंच, ताण लांबला की ते पेशींवरच्या ‘कॅपा’ नावाच्या रिसेप्टरवर (द्रव्य जिथे चिकटून काम करतं ती जागा) बसून अस्वस्थता वाढवतं. लेबलवर त्याचं नाव नाही. (गोल्फ क्लब मैदानावर धावल्यावर जे हलकं वाटतं तेही एंडॉर्फिनच्या नावावर खपतं, पण २०२१च्या एका प्रयोगात नाल्ट्रेक्झोन या औषधाने ओपिऑइड रिसेप्टर बंद करूनही धावणाऱ्यांची चिंता कमी झालीच.)

घ्यायचीच तर सकाळी, जेवणाआधी अर्धा तास, एकच, पाण्याबरोबर. दुधासोबत किंवा अंड्यांनंतर घेतली की बाकीची अमिनो आम्लं मेंदूच्या त्याच दाराशी गर्दी करतात आणि हिचा नंबर लागत नाही. बीपी वाढू शकतं, मोजत राहा. पीकेयू (फेनिलॲलॅनिन न पचण्याचा जन्मजात आजार) असेल, गरोदरपण असेल, सेलेजिलिन, लिनेझोलिड किंवा लेव्होडोपा यांपैकी एखादं औषध चालू असेल तर हात लावू नका. दारू सोडवायला नाल्ट्रेक्झोन चालू असेल तर रिसेप्टरच बंद, पैसे गोदावरीत. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक छापलेला नसेल तर बाटली तिथेच ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डॉक्टरांनी दिलेली चिंतेची गोळी एकदम सोडून हिच्यावर येणं. चक्कर, चिडचिड, दुप्पट धडधड सुरू होते आणि माणूस दुसरी बाटली आणतो.

दुखण्यासाठी पाचपैकी दोन, चिंतेसाठी शून्य. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट लागतो.