पुंगळीवरचे डाग आणि स्वस्तातला बोअरस्कोप: उन्हाळाभर वापरून झाल्यावर

मी टेक्ससमध्ये राहतो आणि काडतुसं घरीच भरतो. (भारतात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या मंडळींनी यातलं निदानापुरतंच घ्यावं.) सेकंडहँड घेतलेल्या .३०८ विंचेस्टर बोल्ट ॲक्शन रायफलच्या रिकाम्या पुंगळ्यांवर, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या पितळी कवचांवर, भलत्याच खुणा दिसायला लागल्या, म्हणून लॅपटॉपला जोडायचा एक बोअरस्कोप मागवला. शंभर डॉलरच्या आतला. बारीक नळी, टोकाला कॅमेरा, दिवा आणि तिरका आरसा. पैसे वसूल झाले, पण निदानाचं निम्म्याहून जास्त काम त्याला हात लावण्याआधीच होतं.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार उडाला की .३०८ मध्ये ६२,००० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) दाब जाऊ शकतो. तेवढ्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीच्या) भिंतीवर दाबली जाते आणि भिंतीचा उलटा ठसा घेऊन बाहेर येते. भिंतीत खड्डा असेल तर पितळावर उंचवटा उठतो, काजळीचा कण चिकटलेला असेल तर खळगा पडतो. म्हणून पहिली तपासणी अंगठ्याच्या नखाने. माझ्या पुंगळ्यांवर खांद्याच्या (पुंगळी गळ्याकडे निमुळती होते त्या उताराच्या) बोटभर खाली, मोहरीहूनही लहान, तीन-चार ठिपके होते. नखाला लागत होते, म्हणजे फुगीर.

पुढचं काम मार्करचं. काडतुसाच्या बुडावर एक रेघ मारायची, ती बारा वाजता येईल असं चेंबरमध्ये ठेवायचं आणि झाडायचं. बोल्ट बंद करताना काडतूस थोडंफार फिरतं, पण अंदाज चुकत नाही. खूण दर वेळी त्याच कोनात आली तर दोष चेंबरचा. कधी इथे, कधी तिथे आली तर मॅगझिनच्या कडा, डाय (पुंगळी पुन्हा मापात आणायचा साचा) किंवा बाहेर फेकली जाताना बसलेला मार यांच्याकडे बघायचं. माझे ठिपके न चुकता रेघेच्या समोरच्या बाजूला, सहा वाजता.

आता कॅमेरा. चेंबर आधी सॉल्व्हंटने पुसून कोरडं केलं, नाहीतर तेलाचा थेंबही भेगेसारखा दिसतो. ही यंत्रं बॅरलच्या भोकासाठी बनवलेली असतात आणि चेंबर त्याहून बरंच रुंद असतं. नळी मधोमध धरली की सगळं धूसर. भिंतीजवळ टेकवून हळूहळू फिरवावी लागते. सहा वाजता काळपट खड्डे स्पष्ट दिसले. गंजाचे. आधीच्या मालकाने रायफल कुठेतरी ओलीत आडवी ठेवली असावी. बंदुका दुरुस्त करणाऱ्याने पडद्यावर बघून विचारलं, ‘बोल्ट उचलताना अडतो का? पुंगळी ओढताना चिकटते का?’ दोन्ही नाही म्हटल्यावर त्याने हात लावायला नकार दिला. खड्डे जाईपर्यंत घासलं तर चेंबरच मोठं होईल. मला पटलं.

दुसरी खूण होती अंगावर उभा ओरखडा. तो न झाडलेल्या, नुसत्या डायमधून काढलेल्या पुंगळीवरही होता, त्यामुळे रायफल लगेच सुटली. डायमध्ये कॅमेरा घातला तर आत पितळाचा कण रुतलेला. डाय पॉलिश केल्यावर ओरखडा गेला. हा उपयोग जाहिरातीत कोणी सांगत नाही.

काही खुणांपुढे मात्र हे यंत्र बिनकामाचं. बुडावर गोल चकचकीत ठिपका उमटला तर पितळ इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या दट्ट्याच्या) भोकात दबलंय, दाब जास्त झालाय; दारूचा भरणा कमी करा आणि इथल्या उन्हात काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. नुसत्या प्रायमरवरून (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवरून) निष्कर्ष काढू नये, कारण फायरिंग पिनचं भोक सैल असलं तरी पिनेच्या खुणेभोवती कड उठते. बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर चकाकणारं वलय दिसलं तर टोकदार वाकवलेली तार आतून फिरवावी. अडखळली तर पितळ तिथे पातळ झालंय, ती पुंगळी टाकून द्यायची. डायमध्ये खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला की हे होतं. मी दोन हजारांश इंचावर थांबतो. तार सरळ सरकली तर ते बहुधा डायचंच वलय, निरुपद्रवी.

गळ्याला उभी चीर पडलेली दिसली की मला ब्रिटिशांच्या काळातली गोष्ट आठवते. हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळातला अडकलेला ताण, हे कारण १९२१ मध्ये उलगडलं. म्हणून अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळ्यांना लावायचं नाही, देवघरातली समई कितीही छान चकाकत असली तरी.

तक्रारी दोन. आरशाची टोपी आट्यांवर ढिली होते आणि चित्राची वरची बाजू नळीबरोबर फिरते, त्यामुळे सहा वाजले की बारा हे कळायला नळीवर टेप चिकटवावी लागली. शिवाय पडद्यावर प्रत्येक बॅरल भयानक दिसतं. नेम चांगला लागत असेल तर तिकडे बघूच नका. .२२ वाल्यांना मात्र एक उपयोग नक्की आहे: रिकामी पिन आपटून चेंबरच्या कडेला पडलेला खोचा यात लख्ख दिसतो. फक्त नळीची जाडी बघून घ्या, पाच मिलिमीटरच्या वरची त्या भोकात जाईलच असं नाही.