‘फोडलं कधी?’ विचारल्यावर न चिडलेला सरपणवाला

वखारीचं नाव देणार नाही. परीक्षण लिहायचं आणि नाव लपवायचं हे बरं नव्हे, पण अट वखारवाल्याचीच आहे. मागच्या हिवाळ्यात कुणीतरी चार जणांना त्याचं नाव सांगितलं, त्या चौघांनी चाळीस जणांना, आणि थंडी अर्ध्यावर असतानाच त्याचा वाळलेला माल संपला. मग लोक म्हणायला लागले, थोडं ओलं असलं तरी चालेल, द्या. “तेच तर मला द्यायचं नाही ना ताई,” असं तो मला म्हणाला. तेव्हा त्याच्याकडे कसं पोहोचायचं ते यात मिळणार नाही. त्याच्यासारखा दुसरा कसा ओळखायचा, तेवढं मात्र मिळेल.

माझा पेशा हिशेब तपासण्याचा. समोरचा माणूस म्हणतो म्हणून आकडा खरा, असं मानायची सवय तीस वर्षांत गेली. घर ऊबदार ठेवायला ओतीव लोखंडाची, काचेच्या दाराची शेगडी घेतली तेव्हा मात्र ही सवय घरीच ठेवून मी सरपण आणायला गेले. पहिल्या विक्रेत्याला विचारलं, “वाळलेलं आहे ना?” तो म्हणाला, “दोन वर्षांचं आहे, कडकडीत.” लाकडाच्या टोकांना चिरा पडलेल्या होत्या, रंग करडा झाला होता. मी मान डोलावली आणि गाडी भरून घेतली.

पहिल्याच संध्याकाळी कळलं. शेगडीत घातलेल्या ढलप्यांच्या टोकांतून फेस यायला लागला, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर सुरू झाली. दार किलकिलं ठेवलं तर धुमसायचं, बंद केलं तर विझायचं. तीन दिवसांत काच इतकी काळी झाली की आत जाळ आहे की नाही ते हात लावून बघावं लागे. महिनाभराने धुराडं साफ करणारा आला, त्याने ब्रश बाहेर काढला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला. त्यावर कोरडी काजळी नव्हती, चकचकीत काळं डांबर होतं. ओल्या लाकडाचा धूर गार असतो, धुराड्याच्या भिंतींवर तो थिजतो, आणि हे साचलेलं डांबर एखाद्या दिवशी पेटलं की शेगडीबरोबर धुराडंही जळतं. हे ऐकल्यावर मात्र माझ्यातली हिशेब तपासनीस जागी झाली.

तो विक्रेता तसा खोटं बोलला नव्हता, ही यातली गंमत. झाड खरोखरच दोन वर्षांपूर्वी पाडलेलं होतं. पण ती दोन वर्षं ते अख्ख्या ओंडक्यांच्या रूपात, सालीसकट, एकावर एक पडून होतं. फोडलं गेलं मी जायच्या आधीच्या आठवड्यात. साल म्हणजे झाडाचा रेनकोटच, पाणी आत धरून ठेवणं हेच तिचं काम. शिवाय लाकडातलं पाणी तंतूंच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांतून, लवकर बाहेर पडतं आणि आडवं फार सावकाश. लांब, न फोडलेला ओंडका म्हणूनच वर्षानुवर्षं आतून ओलाच राहतो. थंड प्रदेशातल्या बर्चसारखं लाकूड तर सालीत वाळायच्या आधी कुजायला लागतं. वाळण्याचं घड्याळ सुरू होतं ते लाकूड हव्या त्या लांबीला कापून फोडलं त्या दिवशी. टोकांच्या चिरांवर विसंबण्यातही अर्थ नाही, कारण टोकं सगळ्यात आधी वाळतात. माझा प्रश्नच चुकला होता. ‘वाळलेलं आहे का’ याला सगळे हो म्हणतात. विचारायचं ते ‘फोडलं कधी?’

मग मी ओलावा मोजायचं मीटर आणलं, दोन टोकदार पिनांचं, खिशात मावणारं. पहिल्या विक्रेत्याच्या ढलप्याला बाहेरून टोचलं तर 18 टक्के ओलावा दाखवला. वा! तोच ढलपा कुऱ्हाडीने मधोमध फोडला, ताज्या पृष्ठभागावर मध्यभागी, तंतूंच्या दिशेने पिना दाबल्या, तर 36. हे मीटर तिशीच्या वर गेलं की अंदाजपंचेच बोलतं, म्हणून खात्री करायला एक तुकडा वजन करून ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोड्या वर ठेवला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. 640 ग्रॅमचा तुकडा 470 ग्रॅमवर येऊन थांबला. घरात दिवसभर ओल्या जंगलासारखा वास सुटला होता आणि घरच्यांनी त्याबद्दल जे म्हणायचं ते म्हटलं.

इथे हिशेबातली एक खाच आहे. उडालेलं 170 ग्रॅम पाणी कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडलं तर 36 टक्के होतं, मूळ ओल्या वजनाशी ताडलं तर साडेसव्वीस. दोन्ही बरोबर. मीटर पहिल्या पद्धतीने सांगतं, सरपणाबद्दलची बरीच माहितीपत्रकं दुसऱ्या पद्धतीने. ‘वीस टक्क्यांच्या आत’ हे सगळीकडे ऐकू येणारं माप ओल्या वजनावरचं असेल तर मीटरवर ते 25 दिसेल. विक्रेत्याशी हुज्जत घालण्याआधी आपण कुठला आकडा धरून बसलो आहोत ते ठरवावं. मी मीटरवरचा 20 धरते. कडक नियम असलेला बरा.

ओल्या लाकडाने नुकसान नेमकं किती, हेही मांडून बघितलं. निम्मं वजन पाण्याचं असलेलं, नुकतंच तोडलेलं 10 किलो लाकूड घ्या. त्यात 5 किलो लाकूड आणि 5 किलो पाणी. कोरडं लाकूड किलोमागे साधारण 18 मेगाज्यूल उष्णता देतं, म्हणजे 90. पाणी तापवून त्याची वाफ करायला किलोमागे अडीचच्या आसपास लागतात, म्हणजे 13. सातवा हिस्सा गेला. एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण वाफ होत असताना जाळ गार राहतो, लाकडातून निघणारे वायू पेटतच नाहीत, आणि जी ऊब खोलीत यायची ती धूर होऊन वर जाते. खरं नुकसान ते आहे, आणि ते कुठल्याच पावतीवर दिसत नाही. वर 5 किलो पाण्याचे पैसे आपण लाकडाच्या भावाने मोजलेले असतात.

दुसऱ्या हिवाळ्यात वैतागून भट्टीत वाळवलेलं लाकूड घेतलं, जाळीच्या पिशव्यांतलं. त्याबद्दल तक्रार नाही. आतून 13–14 निघालं, एका काडीत पेटलं. पण संपतंही भराभर, आणि पिशवी उचलून घरी नेण्याच्या सोयीचेच पैसे जास्त. शिवाय भट्टीतून निघालं म्हणजे ते कायमचं कोरडं झालं असं नाही. लाकूड हवेशी सतत देवघेव करत असतं. हवेतली आर्द्रता 65 टक्के असेल तर ते 12 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, दमट कोठीत ठेवलं तर हळूहळू पाणी परत पितं. तिसऱ्या विक्रेत्याबद्दल एवढंच सांगते की मी पिशवीतून मीटर बाहेर काढलं आणि त्याला अचानक दुसरं काम आठवलं.

चौथा हा.

त्याच्या वखारीत शिरल्यावर आधी नजरेत भरतात त्या थप्प्या. जमिनीपासून वीतभर वर, फळ्यांवर रचलेल्या, वरून पत्रा, बाजू मोकळ्या, दोन थप्प्यांमधून वारा सहज जाईल एवढी जागा. ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेलं काहीच नाही. प्रत्येक थप्पीवर खडूने महिना आणि वर्ष लिहिलेलं. मी विचारलं, “ही तारीख कशाची?” तो म्हणाला, “फोडल्याची.” ‘फोडलं कधी?’ हे न विचारताच उत्तर मिळालं म्हणून जरा हिरमुसलेच.

तरी मीटर काढलं. तो हसला, आत गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. “ताई, वरचं घेऊ नका, वरचं कुणाचंही वाळलेलं असतं. मधलं ओढा. तुम्ही दाखवाल ते फोडतो.” मी खोडसाळपणाने थप्पीच्या पार मागच्या, सावलीतल्या बाजूचे चार ढलपे काढले. त्याने चारही फोडले. 17, 16, 19 आणि 22. शेवटचा ओकचा होता, जाडजूड. ओकला फोडल्यानंतरही दोन वर्षं सहज लागतात, पाइनचं काम बहुतेक वेळा एका चांगल्या उन्हाळ्यात होतं. त्याने त्या बाविसाच्या ढलप्याचे दोन्ही तुकडे माझ्या हातातून घेतले, मागच्या थप्पीवर नेऊन ठेवले आणि म्हणाला, “हा जाडा राहिला. पुढच्या वर्षी.” बावीस फार वाईट नाही हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही. तरी ठेवला.

मग त्याने दोन वाळलेले ढलपे एकमेकांवर आपटून दाखवले. खण्ण! त्यानंतर कालचा ओला तुकडा. धप्प. “मीटरचा सेल गेला तर हे लक्षात ठेवा,” म्हणाला. ओक, पाइन आणि बर्चच्या थप्प्या वेगळ्या, आणि कुठलं लाकूड घ्या यावर त्याचं भाषण नाही. वजनाला वजन सगळ्या लाकडांची उष्णता जवळपास सारखीच, जड लाकूड शेगडीत एका वेळी जास्त मावतं म्हणून रात्रभर पुरतं, एवढं सांगून तो मोकळा. मी पेटवणीला थोडं पाइन आणि बाकीचं जड लाकूड घेतलं.

मोजमापातही माणूस सरळ. लाकूड विकताना ‘घनमीटर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात, आणि गोंधळ तिथेच होतो. गाडीत नुसतं ओतलेलं एक घनमीटर घरी नीट रचलं की पाऊणच्याही खाली येतं, कारण ओतलेल्या ढिगात हवाच फार. पहिल्या वेळी घरी टेप लावला तेव्हा मला वाटलं होतं, एक तृतीयांश माल चोरला! ते भांडण मी विनाकारण केलं, हे आता कबूल करते. सरपणाच्या मापांचा घोळ जुनाच आहे. फ्रान्समध्ये 1795 साली मेट्रिक पद्धत आणली तेव्हा जळाऊ लाकडासाठी एक घनमीटरचं ‘स्टेर’ असं वेगळं एककच काढावं लागलं. अमेरिकेत अजून ‘कॉर्ड’ चालतो, रचलेल्या थप्पीचे 128 घनफूट. याच्या पावतीवर दोन ओळी असतात, ‘ओतलेलं’ आणि ‘रचल्यावर अंदाजे’. असली पावती मी तपासणीतसुद्धा क्वचित बघितली आहे.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. फोन उचलत नाही. दोन दिवसांनी स्वतःहून करतो, तोही पहाटे. माल आणून फाटकाशी ढीग ओततो आणि जातो. रचून देणं त्याच्या कामात बसत नाही आणि ते त्याने आधी सांगितलंही नव्हतं. माझी अख्खी सकाळ आणि कंबर त्यात गेली. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे लांबी. मी 33 सेंटिमीटर सांगितलं होतं, शेगडीत तेवढंच मावतं. दर दहा-बारा ढलप्यांमागे एखादा चाळीसचा निघाला. ते वेगळे काढून करवतीने कापत बसले. सांगितल्यावर तो “हो का?” एवढंच म्हणाला. आणि हिवाळ्यासाठी मागणी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच द्यावी लागते. थंडी पडल्यावर जाग आलेल्यांसाठी त्याच्याकडे काही नसतं.

पण शेगडी. पहिल्या दिवशी काटक्या वर ठेवून वरूनच पेटवलं, पाच मिनिटांत लख्ख जाळ. चरचर नाही, फेस नाही. हवेची झडप अर्धी बंद केली तरी जाळ मरत नाही, आणि झडप तशीच अर्धी बंद ठेवून रात्री अकराला टाकलेले दोन जाडे ढलपे सकाळी सहाला निखारे होऊन शिल्लक असतात. काच आठवड्यातून एकदा ओल्या कागदाने पुसते, तेही करडी राख, काळं डांबर नव्हे. बाहेर जाऊन धुराड्याकडे बघितलं तर नुसती हवा हलताना दिसते. या वेळी ब्रशवर मूठभर कोरडी भुकटी निघाली, आणि साफ करणाऱ्याने पहिल्यांदाच चहा घेतला.

पहिल्या विक्रेत्याची ती उरलेली अर्धी गाडी मी टाकली नव्हती. रागाने सगळी पुन्हा बारीक फोडली, फळ्यांवर रचली, वर पत्रा टाकला, आणि शेजारच्या खांबावर खडूने तारीख लिहिली. एका वर्षाने आतून 24 दाखवलं. दुसऱ्या वर्षाने 17. या हिवाळ्यात ते जाळलं. उत्तम जळलं.