लातूरला जाऊन बघायचा, की घरी यायची वाट बघायची?

शुक्रवारी दोन-तीन नवे सिनेमे लागतात. त्यातला एखादाच थेटरात जाऊन बघणं आपल्याला जमतं. अंबाजोगाई, उदगीर, निलंगा अशा गावांत राहणाऱ्याला तिकिटाआधी रस्ता मोजावा लागतो, म्हणून पुण्या-मुंबईचे परीक्षणातले तारे आपल्या फारसे कामाचे नाहीत. आपल्याला ठरवायचं असतं ते एवढंच, की या सिनेमासाठी एक अख्खा दिवस काढायचा का?

आधी खर्च बघू. अंबाजोगाईहून चौघं स्वतःच्या गाडीनं लातूरला गेले, तिकीट दीडशे-दोनशेचं धरलं, मध्यंतरात काही खाल्लं, की दीड-दोन हजार सहज जातात. लालपरीनं गेलं तर बरंच वाचतं. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफतच. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटीही 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्यावरच्या तिकिटाला मात्र 18 टक्के कायम आहे, म्हणून सकाळचा स्वस्त शो आधी तपासावा.

घरचं स्वस्त दिसतं, पण तेही नीट बघून घ्या. नेटफ्लिक्सचा 149 रुपयांचा प्लॅन फक्त मोबाइल-टॅबवर चालतो, टीव्हीवर नाही, आणि चित्रही 480पी एवढंच. एचडीत बघायचं तर तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो. रोज दोन जीबीच्या रिचार्जवर मध्यंतर यायच्या आत डेटा संपणार. घरात वायफाय नसेल तर ‘घरी फुकट बघू’ हा हिशेब तिथंच चुकतो. प्राइम व्हिडिओवर जून 2025 पासून मधे जाहिरातीही येतात.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या हिंदी सिनेमासाठी आपण थांबलो तरी तो हातचा जात नाही. थेटरात लागलेला हिंदी सिनेमा आठ आठवडे तरी नेटफ्लिक्ससारख्या ओटीटीवर येऊ नये, अशी अट मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या धरतात आणि तारखा तशाच पडतात. ‘छावा’ 14 फेब्रुवारी 2025 ला लागला आणि 11 एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला, बरोबर आठ आठवडे. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होती. ज्यांच्या घरात परीक्षार्थी होता त्यांनी थांबून काही गमावलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. लढाईचा, गर्दीचा, घोड्यांच्या टापांचा सिनेमा टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर डब्यात वाजल्यासारखा वाजतो. दुपारी खिडकी उघडी ठेवून रात्रीचा प्रसंग बघा, मशालीपलीकडचा माणूस दिसतच नाही. असे सिनेमे वर्षातून एक-दोनच येतात, त्यांच्यासाठी जावं. बाकीचे हिंदी सिनेमे, विशेषतः खून आणि तपासाचे, घरीच बरे. आजीला एखादा धागा कळला नाही तर थांबवता येतं, मागं नेता येतं.

मराठीचं गणित उलटं आहे. बिननावाच्या नटांचा, छोट्या बजेटचा मराठी सिनेमा आपल्याकडं लागलाच तर एक शो मिळतो, तोही बहुधा दुपारचा, आणि पुढच्या गुरुवारी उतरतो. तो पुढं ओटीटीवर येईल याचा भरवसा नसतो. गाजलेल्याला जागा मिळते. ‘दशावतार’ 12 सप्टेंबर 2025 ला लागला आणि 14 नोव्हेंबरला झी5 वर आला. न गाजलेल्याची वाट बघत बसलात तर तो कुठंच सापडणार नाही. म्हणून महिन्यातून एकदाच थेटरात जाणं होत असेल, तर तो दिवस मी अशा सिनेमाला देईन, आणि तोही पहिल्या तीन दिवसांतला. मराठी सिनेमा पडला असं आपण म्हणतो, पण आपल्या तालुक्यातून पहिल्या रविवारी कोण गेलं होतं?

दुपारच्या शोबद्दल सगळेच तक्रार करतात. आपल्याला मात्र तोच सोयीचा आहे. बाराचा शो तीनला सुटतो आणि दिवेलागणीच्या आत एसटीनं घरी पोचता येतं. संध्याकाळच्या शोला परतीची गाडी मिळेल की नाही याचा घोर शेवटच्या अर्ध्या तासात लागतो, सिनेमात लक्षच राहत नाही. 30 जून 2023 ला ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा बायका गटागटानं थेटरात गेल्या होत्या. असा सिनेमा भिशीच्या सगळ्या जणींनी मिळून बघावा. घरी एकटीनं बघताना निम्मी मजा जाते, कारण शेजारच्या खुर्चीतलं हसू तिथं नसतं.

हंगामही बघावा लागतो. पेरणीच्या दिवसांत कितीही चांगला सिनेमा लागला तरी घर सोडवत नाही, तेव्हा ओटीटीच खरं. सोयाबीन विकून हातात चार पैसे आले, की दिवाळीचा सिनेमा सगळ्यांना घेऊन थेटरात. लेकरं सोबत असतील तर सिनेमाचं प्रमाणपत्र आधी वाचा. 2024 च्या अखेरीपासून यूए 7+, 13+ आणि 16+ असे वयाप्रमाणे भाग पडलेत, नुसतं ‘यूए’ बघून निघू नका.

काही सिनेमे आपल्याकडच्या थेटरात लागत नाहीत आणि घरीही लवकर येत नाहीत. त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. अलीकडं तो जानेवारीत, प्रोझोन मॉलमध्ये भरतो. नोंदणीची तारीख डिसेंबरातच बघून ठेवा आणि राहायची सोय असेल तर दोन दिवस काढून जा.