वाड्याच्या पेटीतलं ‘पेशवेकालीन’ कापड: ऐतिहासिक पोशाख शिवणाऱ्यांनी सावध राहा

पेशवेकाळातले पोशाख आवडीने शिवणारे पुण्यात बरेच आहेत. कुणी पाडव्याच्या शोभायात्रेसाठी बाराबंदी शिवतं, कुणी मुलीच्या नाचासाठी नऊवारी आणि खणाची चोळी, तर कुणी माझ्यासारखं जुनी चित्रं बघून अंगरखा कसा बेतला असेल याचा शोध घेत बसतं. या सगळ्यांसाठी लिहिते आहे. वाडा पाडायला निघालाय, आजोबांच्या पेटीत जुनी पैठणी, मश्रू (रेशीम आणि सूत मिळून विणलेलं कापड), जरीचे काठ सापडलेत असं सांगून माझ्याकडून बेचाळीस हजार रुपये घेतले गेले. त्या बदल्यात आलेलं कापड पॉलिस्टरचं होतं. ज्या पद्धतीने हे केलं गेलं ती इतकी जमवलेली आहे की हा त्या माणसाचा पहिलाच प्रयोग असेल असं मला वाटत नाही.

आधी थोडं या कामाबद्दल, कारण फसवणूक नेमकी या कामाच्या आतल्या जागेवर बोट ठेवून केलेली आहे. माझी नोकरी आहे, घरात दोन मुलं आणि सासूबाई आहेत. सकाळ डब्यांत जाते, संध्याकाळ सासूबाईंच्या व्यायामात आणि मुलांच्या अभ्यासात. रात्री जेवणाचं टेबल पुसलं की त्यावर कापड पसरायचं. मी शिवते ते हातानेच. शिवणयंत्राचं सिंगरचं पेटंट १८५१ सालचं, म्हणजे पेशवाई संपून तेहेतीस वर्षं झाल्यावरचं. त्यामुळे अंगरख्याच्या कळ्या जोडायच्या, काखेत बगल म्हणजे जोडतुकडा बसवायचा, बंद लावायचे, सगळं धावदोरा आणि तुरपाईने. एका पोशाखाला महिने जातात. टाके चुकले तर उसवता येतात, माप चुकलं तर कळी बदलता येते, पण कापडच खोटं निघालं तर त्यावर घातलेल्या सगळ्या रात्री वाया जातात. आणि एकदा कात्री लागली की ते कापड परत घ्यायला कुणी बांधील नसतं. हे विकणाऱ्यालाही चांगलं माहीत असतं.

एका सभागृहात हौशी मंडळींनी शिवलेल्या पोशाखांचं छोटं प्रदर्शन होतं. मी शिवलेली बाराबंदी तिथे होती. चाळिशीचा एक माणूस बराच वेळ तिच्यापाशी उभा राहिला, मग म्हणाला, ‘ताई, बगल वेगळ्या कापडाची लावलीत, अगदी जुन्या पद्धतीची.’ हे बघणारं माणूस रोज भेटत नाही. त्याला पैठणीचा नारळी काठ माहीत होता, आसावली आणि बांगडी मोर या नक्ष्यांतला फरक माहीत होता. नाना फडणीस आणि सवाई माधवराव यांची चित्रं काढणारा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९०च्या दशकात पुण्यात होता हेही त्याने आपणहून सांगितलं. पेठेतला एक वाडा पुनर्विकासाला दिलाय, तिथल्या एका कुटुंबाचं सामान मी लावून देतोय, असं त्याचं म्हणणं. वाडे पडताहेत हे पुण्यात कुणाला सांगावं लागतं? रोज जाता-येता दिसतं. त्यामुळे ही गोष्ट कुठेच खटकत नाही.

आता खरी मेख. त्याने पैसे मागितलेच नाहीत. हातभर लांबीचा एक जरीचा काठ दिला आणि म्हणाला, ‘जाळून बघा, सराफाला दाखवा, मग बोलू.’ मी काठाच्या रेशमाचा एक धागा जाळला. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला केल्यावर धागा विझला आणि बोटांत चुरडणारी काळी राख राहिली. रेशीम असंच जळतं. रेयॉन असता तर कागद जळल्याचा वास आला असता, आणि पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. जरीची तार खरवडली तर आतून पांढरी. सराफानेही चांदी असल्याचं सांगितलं. खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो. तांब्याच्या जरीत खरवडल्यावर लालसर रंग दिसतो, आणि हल्लीच्या स्वस्त जरीत तर धातूच जेमतेम असतो, चकाकणारी प्लास्टिकची पट्टी धाग्याभोवती गुंडाळलेली असते. म्हणजे जे तपासायला हवं ते सगळं तपासलं होतं आणि ते सगळं खरं होतं. फसवणुकीची रचनाच अशी की तपासणी खऱ्या तुकड्याची होते आणि पैसे दुसऱ्याच कापडाचे जातात. जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे पूर्वी दारावर येत, आजही त्यांची दुकानं आहेत. तिथून असा एक खरा काठ मिळवायला फार खर्च येत नाही आणि त्या एका काठावर किती गिऱ्हाइकं बांधता येतात याचा विचार करा.

त्यानंतर घाई सुरू झाली. शनिवारी वाड्याचा ताबा बिल्डरकडे जाणार, मुंबईचा एक संग्राहक सगळं एकदम उचलायला तयार आहे, ‘पण तुम्ही हे अंगावर घालण्यासारखं जिवंत कराल, तो कपाटात कोंडेल.’ एक पैठणीचा शेला, अंगरख्यापुरता मश्रू आणि जरीचे काठ असा सौदा ठरला. माझ्या भिशीचे पैसे नुकतेच आले होते. अर्धे यूपीआयने आगाऊ, बाकीचे माल मिळाल्यावर रोख. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर वेगळ्याच माणसाचं नाव होतं. ‘वाड्याच्या मालकिणीचे भाचे, घरातला व्यवहार तेच बघतात,’ हे उत्तर तयार होतं. माल रात्री नऊनंतर एका मुलाच्या हातून आला. मलमलीत बांधून वरून शिवलेलं गाठोडं, डांबरगोळ्यांचा वास. ‘आज उघडू नका, एकदम हवा लागली की जर काळवंडते, दोन दिवस सावलीत ठेवा,’ असा निरोप. चांदी हवेने काळवंडते हे खरंच आहे, म्हणून निरोप पटतो. पण चांदी अशी एका रात्रीत काळी पडत नाही. ते दोन दिवस कापडासाठी नसतात, फोन बंद करायला आणि खातं रिकामं करायला असतात.

गाठोड्यात सर्वांत वर पुन्हा खऱ्या जरीचा काठ होता. त्याच्या खाली सगळं नकली.

शेल्याला मागून पूर्ण अस्तर लावलेलं होतं. अस्तराची शिवण मशीनची होती, पण अस्तर नंतरही लावलेलं असू शकतं, म्हणून तेवढ्यावरून काही ठरत नाही. अस्तर उसवल्यावर मात्र प्रश्न उरला नाही. हातमागावरच्या पैठणीत पदराच्या नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने त्याच्या जागेपुरता भरतात आणि शेजारच्या रंगात अडकवतात. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. इथे मागच्या बाजूला या मोरापासून त्या मोरापर्यंत लोंबणारे आणि कापलेले धागे होते. यंत्रमागावरच्या जॅकार्डचं, म्हणजे यंत्राने विणलेल्या नक्षीचं, हे उघड लक्षण. अस्तर जपणुकीसाठी नव्हतंच, पाठ झाकायला होतं. मश्रूचं तेच. खऱ्या मश्रूत बाहेरून रेशमाची झळाळी आणि अंगाला लागणाऱ्या बाजूने सूत असतं, ती त्याची ओळखच आहे. इथे गुळगुळीत पॉलिस्टरच्या सॅटिनवर पट्टे छापलेले होते, मागून फिकट उमटलेले. धागा जाळला तर मणी झाला.

आणि रंग. शेला सवाई माधवरावांच्या काळातला म्हणून दिलेला, म्हणजे १७७४ ते १७९५ मधला. रंग झगझगीत राणी. पहिला कृत्रिम रंग पर्किनने १८५६ साली शोधला आणि राणी रंगासारखे भडक रंग त्याच्या मागोमाग, काही वर्षांत आले. त्याआधी रंगाऱ्याकडे नीळ, मंजिष्ठा, लाख, कुसुंब, हळद होती. त्यांतूनही सुंदर गुलाबी आणि जांभळे रंग निघत, पण त्यांचा उजेड वेगळा असतो. एकदा केळकर संग्रहालयात जाऊन जुनी वस्त्रं नीट डोळ्यांत साठवा. दिवसाच्या उजेडात हा शेला दुरूनही फसवू शकला नसता. माल रात्री का आला, ते इथे कळतं.

माझा राग पैशांपुरता नाही. असं कापड पाच-सहा जणांकडे गेलं, त्यांनी ते अंगावर घालून मिरवणुकीत फोटो काढले, फोटोखाली ‘अस्सल पेशवेकालीन शेला’ असं लिहिलं गेलं, की पुढे शिवणारी मुलगी तोच फोटो पुरावा म्हणून बघते. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून एकेक कागद जपून ठेवतंय, आणि इकडे एक माणूस डांबरगोळ्या टाकून इतिहास तयार करतो. हे मला सहन होत नाही.

नंतर मी तो वाडा शोधला. वाडा होता, पाडायलाही निघाला होता. त्याने सांगितलेलं आडनाव दारावर होतं. घरातल्या आजींनी मात्र पेटी, शेला, भाचे यांतलं काही नसल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे याच चौकशीसाठी माझ्याआधी कोल्हापूरचे एक गृहस्थ येऊन गेले होते. एका भल्या कुटुंबाचं नाव त्यांच्या नकळत वापरलं जातंय, त्याचा त्या आजींना झालेला त्रास मी पाहिला.

तक्रार केली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तक्रारीचा क्रमांक मिळाला. पैसे खात्यात असेपर्यंत ते रोखता येतात, म्हणून पहिल्या काही तासांना किंमत असते. माझ्या बाबतीत खातं तोवर रिकामं झालं होतं. पोलीस ठाण्यात हा दोघांमधला व्यवहाराचा वाद आहे असं आधी ऐकावं लागलं. खरा नमुना दाखवून दुसरा माल देणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्याच्यासाठीच आहे, हे लेखी दिल्यावर अर्ज घेतला गेला. रोख दिलेल्या रकमेचा कुठलाच कागद नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, पण विकणाऱ्याचा पत्ता आणि पावती नसेल तर नोटीस पाठवायची कुणाला?

तुमच्याकडे असं कुणी आलं तर नमुन्याची तपासणी करा, पण ती तिथेच संपवू नका. पैसे देण्याआधी प्रत्येक नगातून उभा आणि आडवा असे दोन्ही धागे काढून जाळा, नक्षीतलाही एक धागा घ्या, कारण काठ रेशमाचा आणि अंग पॉलिस्टरचं असंही विकलं जातं. मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. अस्तर असेल तर वीतभर उसवू द्या म्हणा, खरा विकणारा नाही म्हणणार नाही. माल दिवसा, विकणाऱ्याच्या समोर उघडा आणि उघडताना फोनवर चित्रण करा.

दोनशे वर्षांचं कापड आहे असं म्हणणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारा. १९७२च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तूंत मोडतात आणि त्यांच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. परवाना विचारला की अशा माणसांचं बोलणं बदलतं. पेठेतल्या दुसऱ्या एका ताईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्याच माणसाने शेला ‘जुन्या धाटणीचा, नवा’ असल्याचं सांगितलं आणि पुन्हा फोन केला नाही.

पोशाखासाठी जुनंच कापड हवं असा हट्ट मला स्वतःला पटत नाही. जुनं खरं वस्त्र कापूच नये, ते संग्रहालयात असावं. शिवण्यासाठी आज विणलेलं हातमागाचं कापड घ्यावं. येवल्याला जाऊन मागावर चढलेली पैठणी बघता येते, विणकराशी बोलता येतं, पावती मिळते. दुकानातून रेशीम घेताना सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेलं, लेबल बघा आणि लेबलावरचा कोड तपासा, नुसतं लेबल शिवलेलं पुरेसं नाही. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम रेशीम, हे नव्याने शिकणाऱ्या मुलींना आवर्जून सांगा. लक्ष्मी रोडवर सेमी, म्हणजे अस्सल नसलेली, पैठणी सेमी म्हणूनच विकणारे प्रामाणिक दुकानदार आहेत. नाटकासाठी ती घ्यायला काहीच हरकत नाही. वेल्सच्या चित्रांतले पांढरे अंगरखे शिवायचे असतील तर रविवार पेठेतली चांगली मलमल पुरते.

या माणसाने वाडे, आडनावं आणि फोन नंबर बदलले तरी नमुना फुकट देणं, शनिवारची मुदत, दुसऱ्याच्या नावाचं खातं आणि शिवलेलं गाठोडं हे तो बदलणार नाही, कारण त्यावरच त्याचं सगळं उभं आहे. तुमच्याशी असं आधीच घडलं असेल तर कापड फेकू किंवा कापू नका, गाठोड्याची मलमलसुद्धा ठेवा. संदेश पुसू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, १९३० वर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एकट्या अर्जाला किरकोळ वाद म्हणून बाजूला ठेवता येतं, पण त्याच पद्धतीचे चार अर्ज एका टेबलावर आले तर तसं करणं अवघड जाईल. कोल्हापूरच्या त्या गृहस्थांनी वाड्यातल्या आजींकडे आपला नंबर ठेवला होता. त्यांचा अर्ज आता माझ्या अर्जाला जोडला आहे.