टीव्हीच्या मेनूत नुसतं चित्र, की खाली शब्दही?

लातूरकडच्या एका केबलवाल्या मित्राला सेट-टॉप बॉक्सच्या मेनूचे दोन नमुने करून दिले. एकात नुसती चिन्हं, दुसऱ्यात चिन्हाखाली मराठी शब्द. तुम्हीही याच पेचात असाल तर माझं मत आधीच सांगतो: शब्द ठेवा.

नुसती चिन्हं देखणी दिसतात, जागा कमी खातात, मराठी-उर्दू-हिंदीसाठी वेगळा मेनू लागत नाही. शिवाय १९५१-५२ पासून आपण चिन्ह बघूनच मत देतोय की! पण मतपेटीवरची बैलजोडी ओळखली की काम झालं. मेनूतल्या भिंगाचा अर्थ ‘शोधा’ असा होतो, हे कुणीतरी शिकवावं लागतं. औशाच्या एका आजींना ते दाखवलं तर म्हणाल्या, “ही तर पळी हाय. सैपाकाचं लागंल.” सूचनांची घंटा त्यांनी आरतीच्या चॅनलला देऊन टाकली. नातवाला दोन्ही कळली, मोबाइलमुळे.

शब्दांचीही कटकट असतेच. ‘पालक नियंत्रण’ चौकटीत मावेना आणि कुणाला उमगेना. ‘चाइल्ड लॉक’ लगेच कळलं. ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवली होती, तर ‘सुरू’मधल्या ‘सु’चा उकार कापला गेला.

चाचणीचेही दोन मार्ग आहेत. कागदावरची स्वस्त, एका दुपारचं काम. एकेक चिन्ह दाखवून “हे दाबलं तर काय होईल?” असं विचारायचं. “आवडलं का?” विचाराल तर सगळे हो म्हणतात. अमेरिकेच्या सुरक्षाचिन्हांच्या मानकात निदान ८५ टक्के लोकांना अर्थ कळावा आणि उलटा अर्थ घेणारे ५ टक्क्यांवर जाऊ नयेत, अशी अट आहे. मेनूला ती लागू नाही, पण ‘रेकॉर्डिंग पुसा’सारख्या बटणाला मी तीच लावतो.

खरी परीक्षा मात्र टीव्हीवर, दहा फुटांवरून, रिमोट हातात देऊन. तिथं बोट टेकवायची सोय नाही, त्यामुळे आत्ता कुठली चौकट निवडलीय हे लांबून दिसलं पाहिजे. लॅपटॉपवर छान दिसणारी फिकट निळी किनार तिथं गायबच झाली. शेवटी चौकट मोठी करून जाड पांढरी कड दिली. जुने टीव्ही कडा कापतात, म्हणून चारही बाजूंनी ५ टक्के जागा मोकळी सोडा.

आजींना वाचता येत नाही, त्यांना शब्दांचा उपयोग शून्य. त्यांच्यासाठी आरतीचा चॅनल पहिल्या चौकटीत ठेवला आणि ती जागा पुन्हा हलवायची नाही, असं मित्राकडून कबूल करून घेतलं.