रोमन देवधर्माचं जुनं खोदचित्र: मोंफोकाँ घ्यावा, पिरानेसी की हर्क्युलेनियम?

रोमन पूजाविधीचं किंवा पूजेतल्या वस्तूंचं एखादं अस्सल जुनं खोदचित्र घ्यायचं म्हटलं, की तीन नावं हमखास समोर येतात. तिन्ही अठराव्या शतकातली, तिन्ही तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली. पण तिघांनी ती चित्रं वेगवेगळ्या कारणांसाठी काढली, आणि पैसे मोजण्याआधी ते कारण माहीत असलेलं बरं.

बेर्नार द मोंफोकाँ हा फ्रेंच बेनेडिक्टाइन साधू. त्याने १७१९ मध्ये प्राचीन जगाचा सचित्र कोशच काढला. दहा जाडजूड पुस्तकं, आणि १७२४ मध्ये पुरवणीची आणखी पाच. देव, देवळं, बळी, दिवे, अंत्यविधी, सगळं त्यात आहे. माझ्याकडे त्यातलं यज्ञसाहित्याचं एक पान आहे. त्यावर लांब दांड्याची सिम्पुलम आहे. ती हुबेहूब आपली पळी. पातेरा ही उथळ तबकडी म्हणजे ताम्हणच म्हणा. या दोन्हींनी वेदीवर वाइन ओतायची. शेजारी बैलावर घालायची कुऱ्हाड, पाणी शिंपडायचा कुंचला आणि फ्लामेन पुरोहिताची टोकाला काडी असलेली टोपी. देवघरात वाढलेल्या माणसाला हे पान पाहताना शब्दकोश लागत नाही.

खोट एवढीच, की यातली पुष्कळ चित्रं आधीच्या ग्रंथांवरून आणि संग्राहकांच्या कागदांवरून उतरवलेली आहेत. कुठून घेतलं ते नाव आकृतीपाशी बारीक अक्षरात असतं, हा साधूचा प्रामाणिकपणा. पण नकलेची नक्कल होताना चेहरे बदलतात आणि मापं हरवतात. अंगठीवरचा देव आणि देवळातला देव एकाच उंचीचे दिसतात.

पिरानेसीचं सगळंच उलटं. हा १७२० साली जन्मलेला व्हेनिसकडचा खोदचित्रकार, रोममध्ये नावारूपाला आला. छिन्नीपेक्षा सुई आणि अॅसिडवर त्याची भिस्त, म्हणून सावल्या अशा गडद की दगडाचा थंडपणा हाताला जाणवावा. कलश, दीपस्तंभ, तिवया आणि थडग्यांचे दगड यांची त्याची चित्रमाला १७७८ मध्ये ग्रंथरूपात आली, त्याच वर्षी तो वारला. भिंतीवर यापुढे दुसरं काही टिकत नाही.

पण पिरानेसी जुन्या वस्तू विकायचाही. रोमजवळ टिवोलीला रोमन सम्राट हेड्रियनच्या महालात सापडलेले तुकडे जोडायचे, कमी पडेल तिथे नवा संगमरवर बसवायचा आणि अख्खी वस्तू इंग्रज सरदाराला विकायची. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयातले न्यूडिगेट दीपस्तंभ असेच उभे राहिले. म्हणजे चित्र अस्सल असलं, तरी चित्रातली वस्तू अर्धी अठराव्या शतकातली असू शकते. मला तरी त्याचा राग येत नाही. फक्त ‘रोमन पूजेचा पुरावा’ म्हणून ते कुणाला दाखवू नये.

शिवाय त्याचे तांब्याचे पत्रे त्याच्यामागे पॅरिसला गेले, तिथून १८३९च्या सुमारास परत रोमला आले, आणि त्यांवरून छपाई चालूच राहिली. हयातीतली प्रत आणि नंतरची प्रत यांच्या किमतीत म्हणून मोठी तफावत असते. बारीक रेघा पुसट झाल्या असतील, सावल्या करड्या पडल्या असतील, तर भाव पाडून मागा.

तिसरा पर्याय हर्क्युलेनियमच्या ग्रंथांचा. हे नेपल्सजवळचं, व्हेसुव्हियस ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं रोमन शहर. नेपल्सच्या राजाने १७५७ ते १७९२ या काळात आठ खंड काढले, आणि सुरुवातीला ते विकले नाहीत, भेट दिले. इथे खणून काढलेली वस्तू समोर ठेवून कलाकाराने चित्र काढलं. इसिस या मूळच्या इजिप्शियन देवीच्या पूजेचं चित्र बघा: पायऱ्यांच्या माथ्यावर पात्र धरून उभा पुजारी, खाली दोन रांगांत भक्त, कुणाच्या हातात खुळखुळ्यासारखं सिस्ट्रम, मध्ये वेदीवरचा जाळ पंख्याने फुलवणारा माणूस, आणि आजूबाजूला निवांत फिरणारे शराटी पक्षी. या ग्रंथांतल्या भित्तिचित्रांच्या पानांवर तळाशी एक छोटी पट्टी दिसते, त्यावर रोमन आणि नेपल्सची वीत. मूळ चित्र केवढं होतं ते तिच्यावरून मोजता येतं. रेषा मात्र कोरडी आहे. दिवाणखान्यात कुणी वळून बघेलच असं नाही.

पहिलीच खरेदी असेल तर मोंफोकाँ घ्या. पानं भरपूर, म्हणून तिघांत स्वस्त. रंगीत प्रत मात्र टाळा. मूळ छपाई निव्वळ काळ्या शाईची होती, रंग नंतरच्या हातांचे. मी एकदा हौसेने गुलाबी अंगाचा बृहस्पती, म्हणजे जुपिटर, घेऊन बसलोय. खिसा मोठा असेल आणि भिंतही, तर पिरानेसी. माझं मन विचाराल तर इसिसच्या त्या पानावर आहे.

कुठलंही घ्या, कागद तिरक्या उजेडात धरून चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा दाब उमटलाय का ते बघा. भिंगाखाली ठिपके दिसले तर ते आधुनिक छापील चित्र. आणि चौकट करताना काच कागदाला टेकू देऊ नका. मुंबई-कोकणच्या एका पावसाळ्यात आतून बुरशी धरते.