प्लॉटरची फाइल पानावर, पानाची फाइल पेनाखाली

हाताशी जुन्या नकाशांच्या शंभरेक पीएलटी फाइली आहेत आणि त्या पीडीएफमध्ये हव्या आहेत. किंवा उलट: पीडीएफमध्ये आलेलं डिझाइन व्हायनल कटरवर (स्टिकरचा चिकट प्लास्टिक कागद पात्याने कापणाऱ्या यंत्रावर) कापायचं आहे. दोन्ही कामांना आपण 'कन्व्हर्ट करणं' म्हणतो आणि निवड तिथेच चुकते. पहिलं काम बरंचसं यांत्रिक आहे, दुसऱ्यात दर फाइलीला डोकं लावावं लागतं. म्हणून कोणतं सॉफ्टवेअर चांगलं हे नंतर बघू. शेवटी कागदावर शाई उमटणार आहे की पेन किंवा पातं फिरणार आहे, ते आधी ठरवा.

पीएलटी फाइलीत बहुधा एचपीजीएल असते. ही ह्यूलेट-पॅकार्डच्या पेन प्लॉटरची, म्हणजे कागदावर पेन फिरवून रेषा काढणाऱ्या यंत्राची भाषा. तिच्यात चित्र नसतंच, हाताला दिलेल्या सूचना असतात: पेन क्रमांक १ घे, उचल, इथे जा, टेक, तिथपर्यंत ओढ. कमांड दोन अक्षरी, आकडे पूर्णांकात आणि एक युनिट म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. मिलिमीटरला ४०, इंचाला १०१६. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते, हे तिचं मोठं सुख.

पोस्टस्क्रिप्ट ही पानाची भाषा, १९८४ची, अडोबीची. तिला हाताच्या हालचालीशी देणंघेणं नाही. पान शेवटी कसं दिसलं पाहिजे एवढंच ती सांगते. तिचं एकक इंचाचा ७२वा भाग. पीडीएफने चित्र रेखाटण्याची रीत तिच्याकडूनच घेतली, म्हणून इथे दोघींना एकाच पारड्यात टाकतो. पीसीएल ही ह्यूलेट-पॅकार्डचीच, पण प्रिंटरची भाषा. १९९०च्या लेझरजेट ३ बरोबर आलेल्या पीसीएल ५ मध्ये एचपीजीएल/२ आतच बसवलेली आहे. पुढे याचा फायदा होतो.

आधी सोपी दिशा, प्लॉटरकडून पानाकडे.

समोरचा प्रिंटर पीसीएल ५ जाणत असेल तर कन्व्हर्टरची गरजच पडत नाही. फाइलीच्या पुढे 'आता एचपीजीएल/२ मध्ये जा' हा एस्केप कोड, मागे 'परत ये' हा कोड, आणि थेट प्रिंटरकडे. हा कोड विसरलात तर प्रिंटर त्या कमांड मजकूर समजून पानांमागून पानं आकड्यांनी भरत सुटतो. कोड आठवणीने घातला पण पेन निवडायची कमांड फाइलीत नसली, तर पान कोरं येतं, कारण एचपीजीएल/२ मध्ये सुरुवातीला कोणतंच पेन हातात नसतं. मी या कोऱ्या पानापायी अख्खी दुपार केबल बदलत बसलो होतो. हा मार्ग झटपट आहे, पण हाती फक्त कागद येतो. जपून ठेवायला फाइल काही मिळत नाही. शिवाय स्वस्तातल्या बऱ्याच प्रिंटरना ना पीसीएल ५ कळते ना पोस्टस्क्रिप्ट. पानाचं चित्र संगणकच तयार करून त्यांना देतो. तिथे हा मार्ग बंद.

फाइलच हवी असेल तर खरी लढत एचपी२एक्सएक्स आणि घोस्टपीसीएल यांच्यात आहे. एचपी२एक्सएक्स हे ग्नू प्रकल्पातलं छोटं, जुनं, कमांड लाइनवरचं साधन. पेन प्लॉटरच्या काळातल्या साध्या फाइलींसाठी माझा कौल यालाच. ईपीएस (एका चित्रापुरती पोस्टस्क्रिप्ट फाइल) देतं, पीसीएल देतं आणि प्रत्येक पेनाला रंग आणि जाडी ठरवून देता येते. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. जुन्या एचपीजीएलमध्ये रेषेला जाडी नसते, रंगही नसतो. 'पेन ३' एवढंच असतं, आणि त्या खोबणीत कोणतं पेन खोचलं होतं हे प्लॉटर चालवणाऱ्यालाच ठाऊक. कुठला कन्व्हर्टर ते ओळखणार? एखादी जुनी छापील प्रत मिळाली तर तिच्यावरून पेनांची यादी करा, मगच फाइली घाऊक भावाने बदलायला घ्या. आणखी एक: हे साधन चित्र दिलेल्या चौकटीत आपणहून बसवतं. खरं माप हवं असेल तर तसा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.

मात्र ते एचपीजीएल/२ चा सगळा पसारा पेलत नाही. त्या भाषेत रेषांचे आकडे दाबून, सांकेतिक रूपात लिहिता येतात. मोठ्या इंकजेट प्लॉटरसाठी बनलेल्या फाइलींत तर मधेच बिटमॅप चित्रंही येतात. तिथे घोस्टपीसीएल घ्या. हे पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्या घोस्टस्क्रिप्टच्याच कुटुंबातलं आहे, पीसीएल आणि एचपीजीएल/२ दोन्ही वाचतं आणि थेट पीडीएफ लिहितं. मात्र त्याला सुरुवातीलाच 'ही प्लॉटरची फाइल आहे' असं सांगावं लागतं, नाहीतर वरच्या प्रिंटरसारखंच तेही मजकूर छापत बसतं. फाइलीत कागदाचा आकार दिलेला नसेल तर चित्राचा काही भाग पानाबाहेर जाऊ शकतो, तोही तपासा. (एचपीजीएल/२ मध्ये आकार देणाऱ्या कमांडचं नाव 'पीएस' आहे. पोस्टस्क्रिप्टशी तिचा काही संबंध नाही, तरी पहिल्यांदा पाहणारा फसतोच.)

फाइल कोणत्या जातीची हे एडिटरमध्ये उघडताच कळतं. IN (आरंभ), SP1 (पेन १), PU (पेन वर), PD (पेन खाली) अशी स्वच्छ अक्षरं आणि आकडे दिसले तर एचपी२एक्सएक्स. वर पीजेएलच्या (प्रिंटरला कामाच्या सूचना देणाऱ्या) ओळी आणि खाली अगम्य खिचडी दिसली तर घोस्टपीसीएल. एकदोनच फाइली असतील आणि डोळ्यांनी बघत दुरुस्त करायच्या असतील तर इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आयात करताना ते रिझोल्यूशन विचारतं, तिथे १०१६ असू द्या.

मापाचा गोंधळ याच दिशेत सर्वाधिक. काही फाइलींत आकडे प्लॉटर युनिटमध्ये नसतात. लिहिणाऱ्याने स्वतःचं प्रमाण ठरवलेलं असतं आणि ते चित्राच्या चौकटीच्या पी१ व पी२ या दोन कोपऱ्यांना बांधलेलं असतं. ते कोपरे फाइलीत दिलेले नसतील तर ते त्या काळी त्या यंत्रावर, घातलेल्या कागदाप्रमाणे ठरत. म्हणजे खरं माप फाइलीत नाहीच. आरंभबिंदूचंही तसंच: एचपी ७४७५ए सारख्या टेबलावरच्या प्लॉटरचा शून्य कोपऱ्यात, तर मोठ्या ड्राफ्टिंग प्लॉटरचा कागदाच्या मध्यात. पाऊण चित्र गायब दिसलं की आधी हेच बघायचं.

आता अवघड दिशा. पान सांगतं 'कसं दिसतं'. प्लॉटरला हवं असतं 'हात कसा फिरवू'. या दोहोंमध्ये बऱ्याच गोष्टी गळतात. पोस्टस्क्रिप्टमध्ये नंतरचा रंग आधीच्याला झाकतो. पांढऱ्या चौकोनाखाली लपवलेली रेष पानावर दिसत नाही, पण पेनाला झाकणं ठाऊक नाही, ते सगळं इमानदारीने काढतं. ३ मिलिमीटर जाडीची रेष मधल्या एका धाग्यावर येते. भरीव आकाराची नुसती कड उरते. त्याला वेगळी बॉर्डर दिलेली असेल तर तीच कड दोनदा गिरवली जाते. पेनाने कागद फाटतो, पात्याने व्हायनल उचकटतं. अक्षरांची बाह्यरेषा निघते आणि ती पोकळ दिसतात. एका रेघेची अक्षरं हवी असतील तर हर्षी पद्धतीचे फॉन्ट लागतात. ते रोमनसाठी तयार मिळतात, देवनागरीचं मात्र बहुधा बाह्यरेषेवरच भागवावं लागतं. कटरला तीच हवी असते, म्हणून तिथे ही उणीव जाणवत नाही.

इथे पीएसटूएडिट, इंकस्केप आणि व्हीपाइप असे तीन पर्याय. पीएसटूएडिट घोस्टस्क्रिप्टच्या आधाराने चालतं, पीडीएफ किंवा पोस्टस्क्रिप्ट घेऊन एचपीजीएल लिहितं, मजकुराच्या रेषा करायला लावता येतात आणि स्क्रिप्टमधून शेकडो फाइली काढता येतात. एकाच साच्यातल्या, फक्त रेषांच्या फाइली असतील तर हेच घ्या. पण क्लिप केलेली (चौकटीबाहेरचा भाग नुसता लपवलेली), पारदर्शक थर असलेली फाइल डोळे मिटून त्याच्या हाती देऊ नका. अशा फाइलीसाठी इंकस्केप बरं: पीडीएफ उघडा, लपलेलं उडवा, मजकुराचे पाथ करा, मग एचपीजीएल म्हणून सेव्ह करा. तिथे वक्राची अचूकता, पेन क्रमांक, आणि कटरसाठी पात्याचा ऑफसेट (टोक मध्यापासून किती बाजूला आहे) व ओव्हरकट (कड पूर्ण सुटावी म्हणून थोडं पुढेपर्यंत कापणं) असे सगळे पर्याय आहेत. वेळ खातं, पण काय होतंय ते दिसतं. वक्र फार बारीक तोडू नका. शेकडो तुकडे पडतात आणि जुनं यंत्र प्रत्येक तुकड्याला अडखळतं.

व्हीपाइपचं काम निराळं. त्याला एसव्हीजी (रेषाचित्रांची फाइल) हवी, म्हणजे पीडीएफ आधी इंकस्केपमधून काढायची. पण रेषा जोडणं आणि त्यांचा क्रम लावणं यात ते इतर दोघांच्या पुढे आहे. कन्व्हर्टर रेषा ज्या क्रमाने सापडल्या त्याच क्रमाने लिहितो, त्यामुळे पेन हवेतच या टोकाकडून त्या टोकाकडे धावत राहतं. खऱ्या पेन प्लॉटरवर काढायचं असेल तर मी व्हीपाइपशिवाय फाइल पाठवत नाही. कटरवर छोटंसं स्टिकर कापायला त्याची गरज नाही.

दिशा कोणतीही असो, पहिली फाइल हाताने लिहिलेली असू द्या: ४००० युनिटचा एक चौरस, बस. कन्व्हर्ट करून छापा किंवा कापा आणि पट्टी लावा. बाजू बरोबर १०० मिलिमीटर भरली पाहिजे. ९६-९७ भरली तर कन्व्हर्टरला दोष देण्याआधी छपाईच्या खिडकीतली 'पानात बसवा' ही खूण काढली आहे का ते बघा.